आठवणींचा वाटा

मराठी माणूस पन्नाशीला आला की त्याला तीन गोष्टी होतात. चष्म्याचा नंबर वाढतो, चहातली साखर बंद होते आणि तो चाळीच्या आठवणी लिहायला घेतो. पहिल्या दोहोंवर डॉक्टर काहीतरी इलाज करतात. तिसऱ्या दुखण्याला दिवाळी अंकांचे संपादक खतपाणी घालतात.

हा वाङ्मयप्रकार मी गेली कित्येक वर्षे निष्ठेने वाचत आलो आहे. एकेकाची चाळ मला इतकी पाठ झाली आहे की उद्या तिथे जाऊन कुणाच्या खोलीत कुणाची सासू कुठल्या कोपऱ्यात बसायची, हे मी घरमालकाला सांगू शकेन. तेव्हा या प्रकारावर टीका करण्याचा अधिकार मला आपोआप प्राप्त झाला आहे, असे मी समजतो. समीक्षकाला लागणारी दुसरी पात्रता म्हणजे स्वत: त्यातले एक अक्षरही लिहिलेले नसणे. तीही माझ्यापाशी आहे. याचे कारण संयम वगैरे काही नसून पत्ता आहे. मी राहतो शीव कोळीवाड्यात.

आता यात पत्त्याचा काय संबंध, असे आपण विचाराल. फार मोठा आहे. मुंबईच्या मराठी आठवणींचा नकाशा काढून पाहा. गिरगावात पाय ठेवायला जागा नाही, इतक्या आठवणी. एकेका जिन्याला तीन तीन लेखक. दादरला त्याहून थोडी मोकळी हवा, पण शिवाजी पार्कचा कट्टा मात्र पूर्ण भरलेला. परळ-लालबागचा कारभार वेगळा. तिथे भोंगा, खानावळ, भजन आणि मोर्चा. दादर टी.टी. म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम ३१ मार्च १९६४ ला बंद झाली. आठवणींचे टर्मिनस मात्र अजून तिथेच आहे. फार तर एखादी चुकार आठवण माटुंग्यापर्यंत इडली खायला येते आणि परतीची गाडी पकडते. त्याच्या पुढे शीव. तिथे मराठी आठवण उतरत नाही.

गोविंद नारायण माडगावकरांनी १८६३ साली 'मुंबईचे वर्णन' लिहून या शहराचा मराठीतला पहिला ताळेबंद मांडला. तेव्हापासून पाहत आलो तर पु. लं.ची 'बटाट्याची चाळ' १९५८ ची, भाऊ पाध्यांचा 'वासूनाका' १९६५ चा, नारायण सुर्व्यांचे 'माझे विद्यापीठ' १९६६ चे. मधु मंगेश कर्णिकांची 'माहीमची खाडी' १९६९ साली आली, तेव्हा साहित्य आता अगदी आमच्या दाराशी आले म्हणून मला फार आनंद झाला होता. पण खाडी ओलांडून अलीकडे यायला कुणाला सवड झाली नाही. माझ्या वाचनातल्या मराठी कथांत शीवला येणारे पात्र बहुतेक वेळा स्ट्रेचरवरून येते. सायन हॉस्पिटलात दाखल होते, एक-दोन प्रकरणे तिथे काढते आणि एक तर बरे होऊन दादरला परत जाते किंवा बरे न होता संपते. हॉस्पिटलाचे खरे नाव लोकमान्य टिळकांचे आहे, पण ते लोकमान्यांनाही रिक्षावाल्याला सांगता आले नसते.

*

शीव या शब्दाचाच अर्थ मुळी सीमा. गावाची हद्द. मुंबई बेट इथे संपायचे. पलीकडे खाडी आणि खाडीपलीकडे पोर्तुगीजांची साष्टी. ती हद्द राखायला इंग्रजांनी १६६९ ते १६७७ च्या दरम्यान, गव्हर्नर जेराल्ड ऑंजियरच्या अमदानीत, इथल्या टेकडीवर किल्ला बांधला. तो अजून आहे. किल्ला म्हणजे तोफा, बुरूज असे काही मनात आणून चढू नये. वर पोचल्यावर बहुधा कॉलेजातली जोडपी आढळतात आणि हद्द राखण्याचे काम ती आपापल्या परीने करीत असतात.

त्या शिवेचे गोऱ्या जिभेवर 'सायन' झाले. म्हणजे पाहा, आमच्या गावाच्या हद्दीचा दगड एकदम बायबलातल्या पवित्र डोंगराच्या नावाला जाऊन भिडला! स्टेशनच्या पाटीवर शीव, वर्तमानपत्रात शीव आणि तोंडात सायन, अशी आमची त्रिस्थळी यात्रा चालू असते. शीव म्हणणारा माणूस एक तर बातमीदार असतो किंवा माझ्यासारखा लेख लिहिणारा. अर्थात, मराठी माणसाला सीमेचे हे असे करायची सवयच आहे. लग्नातल्या सीमांतपूजनाचे आपण कधीच श्रीमंतपूजन करून टाकले. गावाच्या शिवेवर नवऱ्या मुलाला सामोरे जाण्याचा विधी तो. शीव गेली, हॉल आला. पूजन राहिले आणि श्रीमंतीचे तेवढे वाढले.

तीच गत आमच्या दुसऱ्या स्टेशनाची. हार्बर लाइनवर वडाळा आणि चुनाभट्टी यांच्यामध्ये पूर्वी 'कोळीवाडा' नावाचे स्टेशन होते. आता त्याचे नाव गुरु तेग बहादूर नगर आहे आणि ते नाव लोकलच्या गर्दीत कुणाच्या तोंडी बसत नाही म्हणून सगळे त्याला 'जीटीबी' म्हणतात. गुरु तेग बहादूर १६७५ साली दिल्लीत हुतात्मा झाले. म्हणजे आमच्या टेकडीवर किल्ल्याचे चिरे चढत होते त्याच वर्षांत. तीनशे वर्षांनंतर ते नाव इथल्या फलाटावर कसे येऊन पोचले, हा इतिहासाचा धडा आहे. त्याच्याकडे यायचेच आहे. आधी शब्दाचा समाचार घेऊ.

*

या साऱ्या चाळवाङ्मयाला समीक्षक 'स्मरणरंजन' म्हणतात. मूळ इंग्रजी शब्द नॉस्टॅल्जिया, पण तो इंग्रजांचाही नव्हे. योहानेस होफर नावाच्या एका स्विस वैद्यकीय विद्यार्थ्याने १६८८ साली आपल्या प्रबंधासाठी तो तयार केला. दोन ग्रीक शब्द घेतले : घरी परतणे आणि वेदना. परमुलखात चाकरी करणारे स्विस शिपाई घरच्या आठवणीने आजारी पडत, खंगत, क्वचित मरतही. त्या आजाराचे हे नाव. रोग म्हणून त्याच्यावर औषधे चालायची आणि सर्वांत खात्रीचा इलाज म्हणजे रोग्याला घरी पाठवून देणे.

आता आपला शब्द पाहा. त्यांच्या शब्दात घर होते आणि वेदना होती. आपण भाषांतर करताना घर काढले, वेदना काढली आणि त्या जागी स्मरण आणि रंजन घातले. रोगाचे भाषांतर करमणूक! जगातल्या कुठल्याही औषधाला साधले नाही ते मराठी परिभाषेने एका फटक्यात साधले. रोग्याला बरे करण्याऐवजी त्याला गॅलरीत खुर्ची टाकून दिली आणि समोर प्रेक्षक बसवले.

भाषेची अडचण होती म्हणाल, तर मुळीच नव्हती. या बाबतीत मराठीइतकी श्रीमंत भाषा शोधून सापडायची नाही. गाडी थोडक्यात चुकली की चुटपुट लागते. कुणाला दोन शब्द बोलायचे राहून गेले की रुखरुख लागते. दुसऱ्याचे वाईट झाले की हळहळ वाटते. संध्याकाळी काही कारण नसताना हुरहुर लागते. चार शब्द, चारांचे दुखणे वेगळे, आणि चुटपुटीच्या ठिकाणी हुरहुर वापरली तर शेंबडे पोरही चूक काढील. इतके बारकावे असलेल्या भाषेला नॉस्टॅल्जियासाठी संस्कृतच्या कारखान्यातून माल मागवावा लागला, याचे मला नवल वाटत आले आहे.

खरे तर शब्द घरातच होता. तो म्हणजे माहेर. होफरने प्रबंध लिहिला तेव्हा आपल्याकडे बायका पहाटे जात्यावर बसून त्याच आजाराच्या ओव्या म्हणत होत्या. आणि त्याही कुणी बसवलेल्या रंजनासाठी नव्हेत. दळण संपवायचे होते म्हणून. वारकऱ्यांनी पंढरीला माहेर म्हटले, तेव्हा त्यांनाही ओढ आणि दुखणे दोन्ही एकाच शब्दात हवे होते. पण माहेर पडले बायकांचे. पुरुषाला माहेर नसते. म्हणून मग तो चाळीला माहेर करतो, आणि सासुरवास काय असतो हे मुळात ठाऊक नसल्यामुळे माहेराचेही नुसते लाड सांगत बसतो.

*

माझी मुख्य तक्रार ही आहे. आमचे एक गिरगावकर स्नेही आहेत. त्यांनी आपल्या चाळीतल्या सार्वजनिक नळावर अकरा पाने लिहिली आहेत. त्यांत कळशांचा नाद आहे, पहाटेची भूपाळी आहे, नळावरची भांडणेसुद्धा जुगलबंदीसारखी रंगवली आहेत. लेख वाचून मी वहिनींना म्हणालो, "काय सुंदर नळ होता हो तुमचा!" वहिनी म्हणाल्या, "यांना काय ठाऊक? हे झोपलेले असायचे. पाणी मी भरत होते."

त्या एका वाक्यात अकरा पानांची समीक्षा झाली. हे सारे लेखन बहुधा त्यांनी केले आहे ज्यांनी पाणी भरले नाही. 'आमच्या चाळीत दारे कधी बंद नसायची' हे वाक्य मी निदान वीस पुस्तकांत वाचले असेल. दहा बाय बाराच्या खोलीत आठ माणसे असली तर दार लावून बसायचे कुणी आणि कुठल्या बाजूला? नव्या सुनेला ते दार जरा बंद व्हावे असे वाटले असेल, तर तिचे स्मरण कुठल्या दिवाळी अंकात आले? शौचकूपापुढची रांग आली की लेखकाला विनोद सुचतो. रांगेतल्या आजारी म्हाताऱ्याला तो सुचला असेल असे वाटत नाही. विनोदाला माझी ना नाही, माझे पोटही त्यावरच चालते. पण दुखणे होते म्हणूनच त्यावर विनोद झाला. दुखणे गाळून नुसता विनोद ठेवला की तो साखर नसलेल्या श्रीखंडासारखा लागतो. आंबट लागतो आणि पिवळा दिसतो.

लालबाग-परळचे लेखक या बाबतीत बरे. तिथे १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि त्यांतले बरेच पुन्हा आत गेलेच नाहीत. जयंत पवारांचे 'अधांतर' १९९७ साली रंगभूमीवर आले ते त्याच घरांतून. त्या नाटकाला स्मरणरंजन म्हणायची कुणाची छाती झाली नाही. फरक साधा आहे. गिरगावकर चाळीतून बोरिवलीच्या ब्लॉकमध्ये आपल्या पायांनी गेला आणि मग त्याला चाळीची आठवण आली. गिरणगावकराच्या पायाखालून गिरणीच काढून घेतली. जो सोडून जातो त्याची आठवण रंगते. ज्याचे सुटून जाते त्याची रंगत नाही. दुखते.

*

आता गुरु तेग बहादूर नगर. फाळणीनंतर पंजाब-सिंधमधून आलेल्या निर्वासितांची छावणी आमच्या इथे पडली आणि पुढे त्यांच्यासाठी इमारती बांधल्या गेल्या. स्टेशनाला गुरूंचे नाव मिळाले ते त्यांच्यामुळे. आमच्या शेजारच्या इमारतीत एक वृद्ध सरदारजी राहत. त्यांना लहानथोर सारे 'दारजी' म्हणत. दुकानात बसून बसून त्यांचे मराठी माझ्या काही भाच्यांपेक्षा बरे झाले होते. एकदा चहा घेता घेता मी त्यांना त्यांच्या गावाबद्दल विचारले. मनात हेतू असा, की आपल्या भागाचीही एखादी आठवण कुठेतरी छापून यावी.

दारजी म्हणाले, "विहिरीचं पाणी गोड होतं."

मी वाट पाहिली. ते हिंदीत काहीतरी बोलू लागले, अर्ध्यावरून पंजाबीत गेले, मग थांबले. "चहा थंड होतोय तुझा," म्हणाले.

झाले. दारजींची आठवण एवढीच. इकडे नळावर अकरा पाने आणि तिकडे विहिरीवर चार शब्द! त्या चार शब्दांच्या पुढे मराठी संपत होती, हिंदी संपत होती, आणि त्यांच्या चेहऱ्यावरून मला वाटले की त्यांची पंजाबीही तिथेच संपत असावी. भाषेची शीव म्हणतात ती मी त्या दिवशी पाहिली. होफरचा खात्रीचा इलाज म्हणजे घरी परत पाठवणे. दारजींचे घर दुसऱ्या देशात गेले होते. तिकडून इकडे आलेल्यांची ही गत, तर इकडून तिकडे गेलेल्यांची काय वेगळी? सआदत हसन मंटो १९४८ साली मुंबई सोडून लाहोरला गेला आणि १९५५ साली वारला तोवर मुंबई त्याच्या लिहिण्यातून गेली नाही. त्याच्यापाशी निदान लिहिणे होते.

*

या आठवणींच्या पुस्तकांत एक वाक्य हमखास असते : 'ते दिवस पाहिले, आम्ही नशीबवान.' या नशिबाचाही जरा हिशेब करू.

नशीब शब्द अरबी, भाग्य संस्कृत. पण दोघांच्या पोटात एकच अर्थ आहे : वाटा. नशीब म्हणजे वाटणीत आलेला हिस्सा आणि भाग्यात तर भाग उघडच बसला आहे. वाळवंटातल्या माणसाला आणि गंगेकाठच्या माणसाला एकमेकांना न विचारता तेच सुचले. बाकी सटवाईने कपाळावर लिहून ठेवले असे आपण म्हणतो, पण तिचे अक्षर डॉक्टरांच्या चिठ्ठीसारखे. औषध संपल्यावर कळते काय लिहिले होते.

आमच्या कोळीवाड्यात मात्र हा शब्द रोज सकाळी पाटीतून येतो. कोळीण कोळंबीचे ढीग लावून बसते, त्या एकेका ढिगाला वाटा म्हणतात. "मावशी, वाटा कसा दिला?" असे विचारायचे असते. मी एकदा या वाट्यातली कोळंबी त्या वाट्यात मोठी दिसते म्हणून निरखत उभा होतो. मावशी म्हणाली, "दादा, वाटा घ्यायचा तर घे. मोजू नको." नशिबावर इतके नेमके भाष्य मी कुठल्याही तत्त्वज्ञाच्या पुस्तकात वाचलेले नाही.

मुंबईने मात्र मोजणे सोडले नाही. न्यूयॉर्कच्या कापसाचे भाव काय फुटतील यावर इथे आकडा लागायचा आणि त्यातूनच पुढे मटका निघाला. दिवसा कापूस कातणारा कामगार रात्री कापसाच्या भावावर पैसे लावी, म्हणजे दोन्ही पाळ्या कापसाच्याच. १९६९ साली सरकारने स्वत:च लॉटरी काढली आणि नशिबाला सरकारी शिक्का मिळाला. २०१२ साली गिरणी कामगारांच्या घरांची सोडत निघाली. ज्या जमिनीवर उभे आयुष्य गेले तिच्यावरची खोली कुणाला, हे चिठ्ठीने ठरले. ज्याची चिठ्ठी निघाली त्याला सगळे नशीबवान म्हणाले. ज्यांची निघाली नाही त्यांना भाषेत शब्द आहेत, पण ते छापता येत नाहीत.

शब्दांचेही नशीब असते म्हणतात ते खोटे नाही. आमच्या 'कोळीवाडा' शब्दाने केवढे नाव काढले पाहा. डाळीच्या पिठात ओवा घालून तळलेली लालभडक कोळंबी इथल्या पंजाबी निर्वासितांनी लोकप्रिय केली असे मानतात. कोळणींच्या चुलीवर ती कधी नव्हती. पण नाव पडले 'प्रॉन्स कोळीवाडा'. आज भारतभरच्या हॉटेलांत पनीर कोळीवाडा मिळतो, कॉलीफ्लॉवर कोळीवाडा मिळतो. ज्याने समुद्र पाहिला नाही तो फ्लॉवरही आता कोळी आहे.

आणि तोच शब्द खुद्द कोळीवाड्यात चालेना. २०१२ साली इथल्या घरांवर पाडकाम आले, तेव्हा भांडण एका शब्दाचेच होते. कागद म्हणत होता झोपडपट्टी. रहिवासी म्हणत होते, हा कोळीवाडा आहे, आमच्या पूर्वजांचा. मेनूकार्डावर जो शब्द बिनतक्रार चालला, त्याला सरकारी कागदावर पुरावा द्यावा लागला. पुढे निर्वासितांच्या इमारतीही मोडकळीला आल्या म्हणून रिकाम्या करून पाडल्या गेल्या. एकाच आयुष्यात दोनदा घर सोडणारी माणसे त्यांत होती. त्यांना स्मरणरंजन म्हणजे काय ते समजावून सांगायला कुणी समीक्षक आला नाही, हे त्यातल्या त्यात बरे.

तेव्हा चाळीच्या आठवणी लिहिणाऱ्या तमाम बंधूंना माझी नम्र विनंती एवढीच आहे. नळावर जरूर लिहा, पण लेख संपादकाकडे पाठवण्याआधी ज्यांनी पाणी भरले त्यांना एकदा वाचून दाखवा. 'आम्ही नशीबवान' असे लिहिताना आपल्या वाट्याला मोठी कोळंबी आली ती शेजारच्या ढिगातून गेली नव्हती ना, एवढे पाहून घ्या. आणि कुणी चार शब्दांवर थांबला तर पाचवा शब्द आपल्या पदरचा घालू नका. काही माणसांची आठवण तेवढीच असते, आणि ती पुरी असते.

एवढे करून अकरा पानांची साडेचार पाने झाली तर संपादकांची जागा वाचेल. तिथे शीव कोळीवाड्याची जाहिरात टाकता येईल. सध्या इथे टॉवर फार होत आहेत आणि जाहिरातीत जागेचा पत्ता 'दादरपासून दहा मिनिटांवर' असा देतात.